सात हजारांत हैदराबाद, पाच जणांसाठी

जुळे सोलापुरातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ३८. घरीच फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवायचं काम करतात. पती अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतात. मुलगी नववीत, वय १४. मुलगा चौथीत. सासूबाई ६७ वर्षांच्या, गुडघे धरलेले. बारा जणींच्या, महिना २,००० रुपयांच्या भिशीत यांचा चौथा नंबर लागला आणि २४,००० रुपये हातात आले. दिवाळीच्या सुट्टीत हैदराबादला जायचं ठरलंय. गुरुवारी रात्रीची बस, शुक्रवारी सकाळी पोचायचं, रविवारी रात्री परतीची बस. बस, लॉज आणि जेवणखाण यांचे १७,००० बाजूला काढले. फिरायला ७,००० उरतात आणि यादीत चौदा ठिकाणं आहेत. मुलीला रामोजी फिल्म सिटी हवीच आहे, कारण जाऊबाईंची मुलं जाऊन आलीत आणि त्यांचे फोटो घरच्या ग्रुपवर आहेत. पती म्हणतात, "एवढं लांब चाललोच आहोत तर काही सोडायचं नाही, कमी पडले तर उसने घेऊ." सासूबाई म्हणतात, "मी लॉजवर बसते, माझं तिकीट तरी वाचेल." ताई विचारतात: चौदातली कुठली ठिकाणं गाळू? सात हजार पुरतील का? आणि एवढा हिशेब करते म्हणून मी कंजूष ठरते का?

प्रिय ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तुम्ही कंजूष नाही. तुमचा भिशीचा नंबर चौथा लागला, म्हणजे अजून आठ हप्ते भरायचे आहेत. १६,००० रुपये. हातात आलेल्या चोवीस हजारांतले दोन तृतीयांश पैसे तुम्ही अजून कमवायचे आहात, बाकीच्या अकरा जणींनी ते विश्वासानं आधी दिलेत. भिशी लागली की आपण 'लॉटरी लागली' म्हणतो, पण लवकर लागलेली भिशी हे बिनव्याजी कर्जच असतं. त्यावर आणखी उसने घेणं म्हणजे उसन्यावर उसनं. तुमच्या मिस्टरांचं रोजचं कामच हिशेबाचं आहे. त्यांना हे तोंडी सांगू नका, वहीत मांडून दाखवा: जमा, देणं, शिल्लक. त्यांना वाद घालावा लागणार नाही आणि तुम्हालाही 'नाही म्हणणारी' व्हावं लागणार नाही.

आता यादी. चौदा ठिकाणं वाचून मी आधी वार बघितले. शुक्रवारच्या रकान्यात तुम्ही लिहिलंय: चारमिनार, सालारजंग म्युझियम, चौमहल्ला पॅलेस. ताई, शुक्रवारी सालारजंग बंद असतं आणि चौमहल्लाही बंद असतो. शिवाय जुम्म्याची नमाज असल्यानं मक्का मशीद आणि चारमिनारच्या भागात दुपारी मोठी गर्दी होते. रात्रभर बसमध्ये अवघडून आलेले पाच जण रिक्षा करून तिथं जाणार, कुलूप बघणार आणि परत फिरणार. त्यात गेलेले चार-पाचशे रुपये तुमच्या वहीत कुठल्याच ठिकाणासमोर दिसले नसते, पण गेले असते.

तुमच्यासारखं पत्र लिहिणाऱ्या सगळ्यांनाच म्हणून सांगते, कुठल्याही मोठ्या शहरात जाताना तिकिटाच्या आधी साप्ताहिक सुट्टी बघा. मुंबईला गेलात तर घारापुरीची लेणी सोमवारी बंद आणि राणीची बाग बुधवारी बंद. हैदराबादचं प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद. दिवाळीत यात बदल होतात, म्हणून निघायच्या आठवड्यात एकदा फोन करून खात्री करा.

आता तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीबद्दल मनापासून बोलते. तुम्ही यादी ठिकाणांची केली आणि त्यातून काय गाळायचं ते विचारलंत. पण या यादीतून एक नाव आधीच गळालंय, तुमच्या सासूबाईंचं. त्या स्वतःच म्हणाल्या हे खरं. आपल्याकडं त्या वयाच्या बायका म्हणतातच.

मी दहा-अकरा वर्षांची असताना आम्ही सोलापूरहून एका मोठ्या शहराच्या सहलीला गेलो होतो. एका ट्रॅव्हल्सची 'एका दिवसात सात पॉइंट'वाली बस होती. बसचे पैसे आधी घेतलेले, पण प्रत्येक पॉइंटवर आतलं तिकीट वेगळं, हे आम्हाला बसमध्ये चढल्यावर कळलं. वडील प्रत्येक दारात शर्टाच्या वरच्या खिशातून नोटा काढून मोजायचे. तिसऱ्या पॉइंटपासून आई बाहेर थांबायला लागली. पिशव्या आणि आमच्या चपला सांभाळत पायरीवर बसायची आणि म्हणायची, "बाहेरूनच छान दिसतंय ओ." रात्री खोलीवर आम्ही एकमेकांना काय काय बघितलं ते सांगत होतो. आईला विचारलं, तू काय बघितलंस? ती म्हणाली, "त्या बाहेरच्या शेंगावाल्याकडं आपल्यासारखी शेंग नव्हती बघ." त्या सातही पॉइंटांमधलं मला आज काही आठवत नाही. आईचं ते वाक्य आठवतं.

म्हणून माझा आग्रह आहे की वहीचं नवीन पान उघडा आणि वर ठिकाणांची नव्हे, पाच माणसांची नावं लिहा. प्रत्येकाला विचारा, 'या तीन दिवसांतली एकच गोष्ट तुझी, ती कुठली?' एकच. ती पाच जणांची पाच पूर्ण करायची आणि बाकीचं वाटेत जे फुकट किंवा स्वस्तात होईल ते. मिस्टर म्हणतात 'काही सोडायचं नाही', पण त्यांना नक्की काय बघायचंय हे तुमच्या पत्रात कुठंच नाही. कदाचित त्यांना कुणी विचारलंच नसेल.

सासूबाईंपुरतं मी सुचवते. गोवळकोंड्याचा किल्ला. तुम्ही म्हणाल, गुडघे दुखणाऱ्या बाईला किल्ल्यावर? वरच्या बाला हिस्सारपर्यंत साडेतीनशेहून जास्त पायऱ्या आहेत, त्या त्यांनी चढायच्या नाहीत. पण या किल्ल्याची खरी गंमत खालीच आहे. प्रवेशाच्या दरवाज्यातल्या घुमटाखाली ठरावीक जागी उभं राहून टाळी वाजवली की तो आवाज वर, जवळपास एक किलोमीटरवर, ऐकू जातो. कुतुबशाहीच्या काळात वर इशारा पोचवायची ही सोय होती. तर सासूबाई खाली घुमटात आणि नातवंडं वर. ठरलेल्या वेळी फोन लावा आणि आजीला टाळी वाजवायला सांगा. गर्दी झाली की वीस-पंचवीस लोक एकदम टाळ्या पिटत असतात, मग कुणाची टाळी कुणाची ते कळत नाही. म्हणून शनिवारी सकाळी दार उघडतानाच पोचा. आजीशिवाय हा खेळच होणार नाही. त्यांच्याजवळ एक जण थांबा आणि सोबत पाणी, बसायला चादर असू द्या. सोलापूरच्या माणसाला चादर न्या म्हणून वेगळं सांगायला नको.

आणि याचा खर्च? गोवळकोंडा आणि चारमिनार दोन्ही पुरातत्त्व खात्याकडं आहेत. भारतीय माणसाला तिकीट २५ रुपये, ऑनलाइन काढलं तर त्याहून थोडं कमी, आणि १५ वर्षांखालच्या मुलांना काही नाही. म्हणजे तुमचे मुलगा-मुलगी दोघंही फुकट आणि तीन मोठ्यांचे एका ठिकाणी ७५ रुपये. सासूबाई लॉजवर बसून जे वाचवणार होत्या ते पंचवीस रुपये होते, ताई. मुलीचा शाळेचा आयडी मात्र बरोबर ठेवा, नववीतली मुलगी उंच असली की दारावर वय विचारतात.

आता रामोजी. हा खरा अवघड भाग आहे, म्हणून घाईनं उत्तर देत नाही. १९९६ पासून सुरू असलेली, सोळाशेहून जास्त एकरांवरची जागा आहे आणि मुलीला तिथं जावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. जाऊबाईंच्या फोटोंमुळं वाटलं म्हणून ती इच्छा खोटी ठरत नाही. पण आकडा बघा. मोठ्या माणसाचं तिकीट साधारण दीड हजाराच्या घरात आहे, सुट्टीत आणि पॅकेजप्रमाणं ते वर-खाली होतं. लहानांचं थोडं कमी. पाच जणांचे तुमचे सात हजार तिथल्या दारातच संपतात. जागा शहरापासून तीसेक किलोमीटर लांब, विजयवाड्याच्या रस्त्याला. जाणं-येणं आणि आतलं खाणं वेगळं. पूर्ण दिवस जातो आणि चालणं बरंच होतं, तेव्हा सासूबाईंचे हाल होतील.

मला तीन रस्ते दिसतात. पहिला, सगळ्यांनी जायचं. मग ही हैदराबादची सहल राहत नाही, रामोजीची होते, बाकी दोन दिवस तळ्याच्या काठावर बसून काढावे लागतील. पाचही जणांना चालत असेल तर त्यातही चूक नाही, पण पाचही जणांना. दुसरा, मुलगी आणि बाबा दोघांनीच जायचं आणि तुम्ही तिघांनी शहरात राहायचं. दोघांचे साडेतीन-चार हजार जातील आणि धाकटा दिवसभर रडेल. तिसरा, या वेळी रामोजी नाही.

मी तुमच्या जागी असते तर तिसरा निवडला असता, पण मुलीला 'नाही' म्हणून नव्हे. तिला वही दाखवून. नववीतल्या मुलीला शेकडेवारी येते, भिशीचे आठ हप्ते कळतात. तिच्यासमोर सगळे आकडे ठेवा आणि सांगा की दहावीनंतरच्या सुट्टीत फक्त रामोजीसाठी जाऊ, आजपासून महिन्याला इतके बाजूला. सोलापूर-हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर आहे, आयुष्यात एकदाच जायचं असं ते शहर नाही. 'एकदाच जायचंय' हे वाक्य घरातल्या सगळ्यांच्या डोक्यातून गेलं की निम्मा खर्च आपोआप खाली येतो. आणि हो, तारीख नक्की करा आणि पाळा. 'पुढच्या वेळी' हे मुलांना फसवायचं वाक्य होऊ देऊ नका.

सात हजारांची वाटणी मी अशी केली असती. तिकिटांना १,१००. गोवळकोंडा, चारमिनार आणि सालारजंग ही तिन्ही मिळून पाचशेच्या आत बसावीत. उरलेले हुसेनसागर तळ्यातल्या बोटीला, कारण बोट जिथून सुटते त्या लुंबिनी पार्कचा प्रवेश वेगळा आणि बोटीचं तिकीट वेगळं, हे बऱ्याच जणांना फाटकाच्या आत गेल्यावर कळतं. शहरातल्या गाड्यांना २,५००. किरकोळीला ९००: पाणी, चप्पल-मोबाइल ठेवायचे पैसे, संध्याकाळचा चहा, किल्ल्यात गाइड घेतलाच तर तो. गाइडचा दर आत शिरण्याआधी पाच जणांचा मिळून ठरवा. हातखर्च माणशी ३००, म्हणजे १,५००. आणि उरलेले १,००० वेगळ्या पाकिटात. रविवार दुपारपर्यंत ते उघडायचं नाही.

गाड्यांना तिकिटांच्या दुपटीहून जास्त ठेवले म्हणून दचकू नका. कुटुंब चार जणांचं असतं तर वेगळं होतं, पण तुम्ही पाच आहात. पाच माणसं एका रिक्षात बसत नाहीत. कोंबून बसलात तर सासूबाईंच्या गुडघ्याची वाट लागणार. दर वेळी दोन रिक्षा किंवा मोठी कॅब, हाच तुमचा सगळ्यात मोठा खर्च आहे आणि यादी करताना कुणीच तो लिहीत नाही. म्हणून एका दिवसात एकाच दिशेची ठिकाणं घ्या. जिथं जमेल तिथं मेट्रो घ्या. २०१७ पासून सुरू आहे, लांबच्या प्रवासालाही माणशी शंभराच्या आत भागतं, स्टेशनवर लिफ्ट असते, आणि चौथीतल्या सोलापुरी मुलासाठी मेट्रो हेच एक ठिकाण आहे. त्याला पहिल्या डब्यात, पुढं बसवा.

एक गैरसमज आधीच दूर करते, कारण यावर गेल्या वर्षभरात बऱ्याच जणींनी विचारलंय. आपल्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ६५ च्या पुढच्यांनाही सवलत आहे, पण ती राज्याच्या हद्दीपर्यंतच. हैदराबादच्या तिकिटात सीमेपलीकडचं भाडं पूर्ण लागतं. आणि तेलंगणात बायकांना बस फुकट आहे हे खरं, पण ते तिथल्या रहिवाशांना. आपलं सोलापूरचं आधार कार्ड दाखवून ते मिळत नाही. बसचा खर्च अर्ध्या तिकिटाच्या हिशेबानं धरला असाल तर तुमचे सतरा हजार पुन्हा एकदा मोजा.

हातखर्चाचे तीनशे मात्र प्रत्येकाच्या हातात द्या, सासूबाईंच्यासुद्धा, शुक्रवारी सकाळीच. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला जाताना आपण हेच करतो ना? पोराच्या हातात पैसे दिले की ते पाळण्यासमोर उभं राहून विचार करतं, यात बसू की खेळणं घेऊ. तेच पैसे आपल्याकडं असले की त्याला दोन्ही हवं असतं. तीन दिवस 'आई हे घे, आई ते घे' ऐकण्यापेक्षा हे सोपं. मुलगी लाड बाजारात लाखेच्या बांगड्या घेईल, भाव करायला आजीला बरोबर घेऊन जाऊ द्या. सासूबाई त्यांचे पैसे खर्च न करता परत आणतील आणि नातवाच्या हातात ठेवतील. ठेवू द्या. ते त्यांचे आहेत.

शुक्रवार मोकळा ठेवा. सकाळी पोचल्यावर अंघोळ, झोप, दुपारी घरून नेलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ऊन उतरल्यावर बिर्ला मंदिर. १९७६ चं, पांढऱ्या संगमरवराचं, प्रवेश मोफत. टेकडीवर आहे, म्हणून त्या दिवशीची रिक्षा तिथं खर्च करा. मोबाइल आत नेता येत नाही, तो बाहेर जमा करावा लागतो, तेव्हा फोटोची आशा धरू नका. तिथून हुसेनसागर. मुलाला तळ्यातल्या बुद्धमूर्तीची गोष्ट आधीच सांगून ठेवा: १८ मीटर उंच, अखंड दगडातली मूर्ती १९९० मध्ये तराफ्यावरून नेताना तळ्यात बुडाली, काही माणसंही गेली, आणि दोन वर्षं ती पाण्याखाली होती. १९९२ मध्ये बाहेर काढून उभी केली. ही गोष्ट माहीत असलेला मुलगा त्या बोटीतून वेगळ्याच डोळ्यांनी बघेल. शनिवारी सकाळी गोवळकोंडा. दुपार मिस्टरांची, ते काय सांगतील ते. रविवारी जुनं शहर. खोली सोडल्यावर सामान काउंटरवर ठेवता येईल का हे बुकिंग करतानाच विचारून घ्या, नाहीतर दिवसभर बॅगा वाहाव्या लागतील.

बाकीची आठ-नऊ ठिकाणं सुटतील. सुटू द्या.

पाचवं नाव तुमचं. तुमच्या यादीत अकराव्या नंबरवर, कंसात 'वेळ उरला तर' असं लिहून एक ओळ आहे: 'ती बुरख्यातली दगडी बाई'. ती सालारजंगमध्ये आहे, 'व्हेल्ड रिबेका'. बेंझोनी नावाच्या इटालियन शिल्पकारानं घडवलेली, निजामाचे दिवाण असलेल्या पहिल्या सालारजंगांनी १८७६ मध्ये इटलीतून आणलेली. चेहऱ्यावर ओलसर, पातळ ओढणी असावी असं वाटतं आणि ओढणीखालचं नाक, ओठ दिसतात, पण सगळा एकच दगड आहे. दिवसभर साडीच्या काठाला फॉल लावणाऱ्या, कापडाची चुणी बोटांनी ओळखणाऱ्या बाईला ते बघावंसं वाटलं, आणि तिनं ते अकराव्या नंबरवर, बंद असलेल्या शुक्रवारी टाकलं. ते रविवारच्या पहिल्या नंबरवर घ्या.

सकाळी म्युझियम उघडतं तेव्हाच पोचा. आत संगीत घड्याळाची जागा आहे, दर तासाला एक छोटा दाढीवाला माणूस बाहेर येतो आणि ठोके देतो. बारा वाजता सगळ्यात जास्त ठोके पडतात, म्हणून तेव्हा सगळ्यात जास्त गर्दी. तुम्ही अकराचे ठोके धरा. सासूबाईंना तिथं बसवा, नातवाला शेजारी ठेवा, मिस्टरांना मुलीबरोबर हत्यारांच्या दालनात पाठवा आणि तुम्ही एकट्या रिबेकाकडं जा. घाई करू नका. ओढणीची कड खांद्यावर कुठं दुमडली आहे ते नीट बघा, आणि मला पत्र लिहून सांगा.